नोंद रोज होते, वजन मात्र हलत नाही: अशा वेळी नोंदवहीत काय तपासावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दररोज १५०० कॅलरींची आहारयोजना तुम्ही अडीच महिन्यांपासून पाळत आहात आणि प्रत्येक जेवण मोबाईलवरील ॲपमध्ये नोंदवत आहात. पहिल्या महिन्यात साडेतीन किलो वजन उतरले, पण गेले सहा आठवडे काटा जागचा हललेला नाही. ॲपच्या हिशेबाने तुमची दिवसाची गरज १९०० कॅलरी आहे, म्हणजे रोज ४०० कॅलरींची तूट पडायला हवी. मग नोंद चुकते आहे की शरीरातच काही बिघाड आहे, आता प्रत्येक घास मोजून खायचा का, आणि हे असे जन्मभर लिहीत राहायचे का, असे तुम्ही विचारले आहे. जाता जाता तुम्ही आणखी एक वाक्य लिहिले आहे: ‘एखाद्या दिवशी ताळतंत्र सुटले तर त्या दिवसाची नोंद मी करत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्याने सुरुवात करते.’ तुम्ही ते सहज लिहिले असेल, पण माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळ बहुतांशी तिथेच आहे, म्हणून उत्तराचा मोठा भागही मी त्याच भोवती लिहिणार आहे.

त्याआधी एक मर्यादा स्पष्ट करतो. तुमचे वय, उंची, झोप, चालू असलेली औषधे यांविषयी प्रश्नात काही नाही. थायरॉइडचे काम मंदावलेले असेल, स्टेरॉइड किंवा काही मानसिक आजारांवरील औषधे चालू असतील, तर वजनाचे गणित निश्चितच बदलते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर खाणे कमी करण्याआधी औषधांची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घेणे भागच आहे, कारण औषध तेवढेच ठेवून अन्न कमी केले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. यांपैकी काही नाही असे गृहीत धरून मी पुढचे लिहीत आहे.

आता तुम्ही न लिहिलेल्या दिवसांचा हिशेब करून पाहू. समजा, आठवड्यातील पाच दिवस तुम्ही ठरल्याप्रमाणे १५०० कॅलरी घेता आणि दोन दिवस बाहेरचे जेवण, पाहुणे किंवा दमणूक यांमुळे खाणे २६०० पर्यंत जाते. २६०० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण दोन वेळचे भरपेट जेवण, एक गोड पदार्थ आणि एखादे गोड पेय एवढ्यातच तो गाठला जातो. पाच दिवसांचे ७५०० आणि दोन दिवसांचे ५२०० मिळून आठवड्याचे १२,७०० होतात, म्हणजे रोजची सरासरी सुमारे १८१५ पडते. ॲपमध्ये मात्र फक्त भरलेले दिवस दिसतात आणि त्यांची सरासरी १५०० हीच येते. तुम्हाला वाटणारी ४०० ची तूट प्रत्यक्षात ८५ च्या आसपास उरते, आणि एवढ्या तुटीने आठवड्याला शंभर ग्रॅमसुद्धा चरबी कमी होत नाही.

त्यातही १९०० हा आकडा तुमच्या सुरुवातीच्या वजनावरून काढलेला असण्याची शक्यता आहे. वजन उतरले की शरीराची दैनंदिन गरजही उतरते. २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, रोजच्या आहारात १०० किलोज्यूल, म्हणजे सुमारे २४ कॅलरी, कायमच्या कमी केल्या तर दीर्घकाळात साधारण एक किलो वजन कमी होऊन ते तिथे स्थिरावते. त्या हिशेबाने साडेतीन किलो कमी झालेल्या शरीराची गरज रोज ऐंशीएक कॅलरींनी घटलेली असणार, म्हणजे १९०० ऐवजी १८२० धरायला हवे. तुमची खरी सरासरी १८१५ आणि गरज १८२० असेल, तर सहा आठवडे वजन न हलणे हे अगदी अपेक्षित आहे. शरीर बिघडलेले नाही आणि तुमची पाच दिवसांची मेहनतही खोटी नाही. फक्त दोन दिवसांची माहिती वहीत पोहोचलेली नाही. दोन दिवस आणि २६०० हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. तुमचे खरे आकडे तुम्हालाच भरावे लागतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

माणसे असे दिवस का गाळतात, याचे कारण मला रोज दिसते. नोंदवही हे त्यांना प्रगतिपुस्तक वाटते. चांगले गुण मिळाले तर ते दाखवायचे आणि कमी मिळाले तर पान उलटायचे, ही सवय शाळेपासून अंगात मुरलेली असते. पण वजन कमी करण्याच्या कामात नोंदीचा उपयोग स्वतःला शाबासकी किंवा शिक्षा देण्यासाठी नसतो, पुढच्या आठवड्यात नेमके काय बदलायचे हे ठरवण्यासाठी असतो, आणि ते ठरवायला ज्या दिवसांची सर्वांत जास्त गरज असते तेच दिवस गाळले जातात. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सुरुवातीलाच सांगतो, की सहा दिवसांची नीटनेटकी नोंद आणि एक कोरे पान यापेक्षा सात दिवसांची ओबडधोबड नोंद मला अधिक उपयोगी पडते.

बेहिशेबी दिवसाची नोंद करायची तरी कशी, हा रास्त प्रश्न आहे. त्या दिवशी प्रत्येक पदार्थ शोधून ग्रॅममध्ये भरण्याची सक्ती स्वतःवर करू नका. ‘रात्री बाहेर जेवण, पोट गच्च भरेपर्यंत, शेवटी गोड, अंदाजे १४००’ एवढी एक ओळ पुरते. अंदाज बांधताना आकडा मुद्दाम थोडा वरचा धरावा, कारण बाहेरच्या स्वयंपाकात तेल, लोणी आणि साखर घरच्यापेक्षा बहुधा जास्त असते आणि आपला कल नेहमी कमी धरण्याकडे असतो. ताट समोर आल्यावर एक छायाचित्र काढून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी शांतपणे अंदाज करता येतो. आकडा लिहिण्याचेही मनावर फार दडपण येत असेल, तर आकड्याशिवाय लिहा, पण पान कोरे सोडू नका.

आता दुसरा भाग: जे दिवस तुम्ही भरता ते तरी कितपत पूर्ण असतात? हा तुमच्या प्रामाणिकपणाविषयीचा संशय नाही. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला १२०० कॅलरींहूनही कमी खाऊन वजन उतरत नाही अशी ज्यांची तक्रार होती, अशा लोकांची त्यात तपासणी केली होती. विशिष्ट समस्थानिकांनी खूण केलेले पाणी पाजून, शरीर प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च करते हे मोजण्याची एक पद्धत आहे, ती तिथे वापरली होती. त्या लोकांचा चयापचय सर्वसाधारण निघाला. मात्र त्यांनी स्वतःचे खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि शारीरिक हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त नोंदवलेली होती. हे लोक लबाड होते असे मला मुळीच वाटत नाही. दिवसभरात जाता-येता तोंडात गेलेले मेंदू ‘खाणे’ म्हणून धरतच नाही आणि वाढून घेतलेल्या अन्नाचे आकारमान डोळ्यांना नीट कळत नाही. आहारशास्त्र शिकलेल्यांचीही यातून पूर्ण सुटका होत नाही.

घरच्या जेवणात सर्वांत मोठी गळती तेलाची असते. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात. कर्बोदके आणि प्रथिने यांच्यात ग्रॅमला ४. पंधरा मिलिलिटरच्या मोठ्या चमच्यात साधारण साडेतेरा ग्रॅम तेल बसते, म्हणजे सुमारे १२० कॅलरी झाल्या. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक प्रयोग करायला सांगतो आणि तो तुम्हीही करून पाहावा. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर तेलाची बाटली ठेवून आकडा लिहून ठेवा, नेहमीच्याच हाताने, चमच्याशिवाय, कढईत तेल ओता आणि बाटली पुन्हा काट्यावर ठेवा. ‘चमचाभर’ म्हणून ओतलेले तेल पुष्कळदा पंचवीस-तीस ग्रॅम निघते. कढईतील पदार्थ चौघांत वाटला जात असेल तर तुमच्या वाट्याला त्याचा चौथा भाग येतो, पण दोन्ही वेळच्या स्वयंपाकाचे, तव्यावर सोडलेल्या थेंबांचे आणि वरून घेतलेल्या लोण्याचे मिळून रोजच्या शंभर-सव्वाशे कॅलरी सहज निसटतात. आपण वर पाहिलेली तूट ८५ ची होती, हे इथे आठवावे.

तेलाखालोखाल येतात ते सुके खाण्याचे पदार्थ. शेंगदाणे किंवा बदाम यांची तीस ग्रॅमची मूठ साधारण पावणेदोनशे कॅलरींची असते; मोठ्या माणसाची भरगच्च मूठ पन्नास ग्रॅमपर्यंत जाते आणि तिच्या तीनशे कॅलरी होतात. हे पदार्थ पौष्टिक आहेत, खाऊ नयेत असे मी म्हणत नाही, पण डब्यात हात घालून खाण्याऐवजी वाटीत काढून घेऊन खाल्ले तर ते नोंदले जातात. स्वयंपाक करताना घेतलेली चव, मुलांच्या ताटात उरलेला घास, दिवसातून चारदा घेतलेल्या चहा-कॉफीतील दूध आणि साखर या बाबी एकेकट्या किरकोळ असल्या, तरी दिवसाअखेर त्यांची बेरीज किरकोळ राहत नाही.

ॲप वापरणाऱ्यांच्या नोंदींत आणखी एक ठरावीक चूक सापडते, ती म्हणजे कच्च्या आणि शिजलेल्या पदार्थांची गल्लत. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण साडेतीनशे कॅलरी असतात. शिजताना तो पाणी शोषून घेऊन वजनाने अडीच-तीन पट होतो, म्हणून शंभर ग्रॅम भातात त्या सुमारे १३० उरतात. दीडशे ग्रॅम भात खाऊन कोणी ‘तांदूळ’ या नावाखाली दीडशे लिहिले, तर दोनशेच्या जागी सव्वापाचशे लिहिले जातात आणि नंतर दिवसभर विनाकारण उपाशी राहावे लागते. मांस आणि मासे यांच्या बाबतीत हे उलट होते: शिजताना पाणी निघून गेल्याने त्यांचे वजन घटते, त्यामुळे शिजलेल्या तुकड्याचे वजन कच्च्याच्या नावावर लिहिले तर नोंद कमी भरते. यावरचा उपाय सोपा आहे. एखादा पदार्थ वारंवार होत असेल, तर एकदा सर्व कच्च्या जिनसा तेलासकट मोजून कॅलरींची बेरीज काढावी, शिजल्यावर संपूर्ण पदार्थाचे वजन घ्यावे आणि शंभर ग्रॅममागे किती पडतात ते लिहून ठेवावे. घरातील आलटूनपालटून होणाऱ्या पदार्थांची संख्या आपल्याला वाटते तेवढी मोठी नसते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत हे काम बहुतेक उरकते.

मग प्रत्येक घास मोजायचा का? माझे मत असे आहे, की दोन ते तीन आठवडे मोजावे आणि पुढे मोजणे टप्प्याटप्प्याने कमी करावे. या काळाचा खरा फायदा डोळ्यांना वळण लागण्याचा असतो. आपल्या घरातल्या वाटीत भात किती ग्रॅम बसतो, आपल्या पेल्यात दूध किती मिलिलिटर मावते, हे एकदा कळले की ते वर्षानुवर्षे उपयोगी पडते. मात्र पूर्ण अचूकतेच्या मागे लागू नये, कारण ती कोणालाच मिळत नाही. एकाच जातीच्या दोन फळांतील साखर सारखी नसते, वेष्टनावर छापलेल्या आकड्यांतही कायद्याने काही फरक चालतो, आणि ॲपमधील बऱ्याच नोंदी सामान्य वापरकर्त्यांनीच भरलेल्या असतात. तुमच्या गरजेचा १९०० हा आकडासुद्धा वय, उंची आणि वजन सूत्रात घालून काढलेला अंदाज असतो, आणि व्यक्तीनुसार तो शंभर-दोनशे कॅलरींनी इकडेतिकडे असणे अगदी सामान्य आहे.

एवढ्या अंदाजांच्या ढिगाऱ्यावर भरवसा कसा ठेवायचा, असे तुम्हाला वाटेल. पण माझ्या कामात मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट इथेच आहे. नोंदीतील चूक जर रोज साधारण सारखीच असेल, तर तुमची नोंद हीच तुमच्यापुरती मोजपट्टी बनते. समजा, चार आठवडे एकही दिवस न गाळता लिहिल्यावर तुमची नोंदलेली सरासरी १६५० आली आणि त्या काळात तुमचे सरासरी वजन ६०० ग्रॅमने उतरले. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, तेव्हा ६०० ग्रॅमच्या ४६२० झाल्या. त्यांना २८ दिवसांनी भागले की रोजची तूट १६५ निघते. १६५० मध्ये ती मिळवली की १८१५ येतात, आणि तुमच्या वहीच्या हिशेबात तुमची गरज तेवढी आहे. प्रत्यक्षात तुम्ही कदाचित १८०० खात असाल आणि गरज १९६५ असेल. त्याने काही बिघडत नाही, कारण वहीत १५५० दिसेपर्यंत खाणे कमी केले की आठवड्याला पाव किलोच्या आसपास वजन उतरू लागेल. सूत्राने दिलेल्या १९०० पेक्षा स्वतःच्या नोंदीतून निघालेला हा आकडा मी केव्हाही अधिक विश्वासाचा मानतो. ही पद्धत रोज थोडे कमी लिहिण्याची सवय सांभाळून घेते, पण दिवसच्या दिवस गाळलेले तिला सांभाळता येत नाहीत, कारण कोणत्या आठवड्यात किती गळले याचा माग लावायला काहीच उरत नाही.

यासाठी वजनाची बाजूही तितकीच नीट ठेवावी लागते. पहिल्या महिन्यातील साडेतीन किलो ही सगळी चरबी नव्हती. खाणे कमी केले की स्नायू आणि यकृतात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, आधी वापरले जाते, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते, तेही बाहेर पडते. सुरुवातीची घसरण म्हणूनच वेगवान दिसते आणि पुढच्या महिन्याची गती तिच्याशी ताडून पाहिली की निष्कारण निराशा येते. उलट, खारट जेवण, नव्याने सुरू केलेला व्यायाम, बद्धकोष्ठता किंवा पाळीच्या आधीचे दिवस यांमुळे शरीरात पाणी थांबून वजन एक-दोन किलोने वर जाऊ शकते आणि त्याखाली खरी घट झाकली जाते. म्हणून सकाळी उठल्यावर, लघवी करून आल्यानंतर, काही खाण्यापिण्याआधी वजन करावे, ते शक्यतो रोज लिहावे आणि तुलना मात्र आठवड्याच्या सरासरीची करावी. पाळी नियमित येत असेल तर या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याशी केलेली अधिक बरी. रोज काट्यावर उभे राहिल्याने मन अस्वस्थ होत असेल, तर आठवड्यातून दोनदा पुरे. सोबत कमरेचा घेर महिन्यातून दोनदा मोजून ठेवावा.

व्यायामाविषयी एवढेच सांगतो, की चालल्यामुळे खर्च झालेल्या कॅलरी ॲप तुम्हाला खाण्यासाठी परत देत असेल, तर ती सोय बंद करा. मनगटावरच्या घड्याळाने दाखवलेला खर्च पुष्कळदा फुगलेला असतो आणि दैनंदिन गरजेच्या सूत्रात तुमची हालचाल बहुधा आधीच धरलेली असते, त्यामुळे तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. व्यायाम जरूर करा. त्याचे फायदे कॅलरींच्या पलीकडचे आहेत.

कोणाची नोंदवही हाती आली की मी एकूण बेरीज सर्वांत शेवटी पाहतो. आधी पाहतो त्या वेळा. तुमच्याच नोंदीसारखे एक पान डोळ्यांसमोर आणा: सकाळी आठला दूध आणि पाव, दुपारी साडेबाराला जेवण, त्यानंतर काही नाही, संध्याकाळी साडेसातला ‘थोडे शेंगदाणे, थोडी बिस्किटे’, आणि साडेआठला रात्रीचे जेवण, नेहमीपेक्षा जास्त. या पानातील ‘थोडे’ हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा तो सात तासांच्या उपासानंतर आला आहे. अशा व्यक्तीला मनोनिग्रहावर व्याख्यान देऊन काही साधत नाही. दुपारी साडेचार-पाचच्या सुमारास दही, उकडलेले अंडे किंवा फळ असे दीडशे-दोनशे कॅलरींचे खाणे ठरवून दिले, की संध्याकाळचे ‘थोडे’ बरेचदा आपोआप आटोक्यात येते. दिवसाच्या एकूण कॅलरी न वाढवता केवळ त्यांची जागा बदलल्याने होणारा हा फायदा बेरजेत कधीच दिसत नाही, वेळ लिहिलेली असेल तरच दिसतो.

म्हणून माझी विनंती आहे, की पदार्थ आणि प्रमाण यांच्याबरोबर खाण्याची वेळ आणि त्या वेळची भूक या दोन गोष्टीही लिहा. भूक शून्य ते दहा अशी मोजायची गरज नाही. ‘कडकडून’, ‘बेताची’, ‘नव्हती’ हे तीन शब्द पुरतात. ज्या खाण्यासमोर वारंवार ‘नव्हती’ लिहिले जाते, तिथे कंटाळा, ताण, अपुरी झोप किंवा समोर उघडा पडलेला डबा यांपैकी काहीतरी असते आणि उपाय त्यानुसार वेगळा करावा लागतो. बेरजेआधी पाहण्याची आणखी एक बाब म्हणजे प्रथिने. वजन उतरताना स्नायूही झिजतात, आणि ते टिकावेत यासाठी निरोगी मूत्रपिंड असलेल्या प्रौढ व्यक्तीने वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.२ ग्रॅम प्रथिने रोज घ्यावीत असे मी सुचवतो. पुरेशी प्रथिने घेतल्याने पोटही अधिक वेळ भरलेले राहते.

लिहायचे केव्हा? खाताना किंवा त्याआधी. रात्री झोपताना दिवस आठवून लिहिणे हे माझ्या अनुभवात सर्वांत गळके तंत्र आहे, कारण आठवणीत जेवणे राहतात आणि मधले तोंडात टाकणे निघून जाते. वेळेची भीती बाळगू नका. २०१९ साली ‘ओबेसिटी’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात संगणकावर आहार नोंदवणाऱ्यांना पहिल्या महिन्यात रोज सरासरी २३ मिनिटे लागत होती आणि सहाव्या महिन्यात ती १५ मिनिटांच्याही खाली आली होती. ज्यांचे वजन अधिक उतरले त्यांनी एका बैठकीत जास्त वेळ दिला नव्हता, ते दिवसातून अधिक वेळा नोंद करत होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १७०० लोकांचा समावेश असलेल्या एका मोठ्या अभ्यासातही रोज आहार लिहिणाऱ्यांचे वजन अजिबात न लिहिणाऱ्यांच्या तुलनेत साधारण दुप्पट उतरलेले आढळले. जे मुळातच अधिक चिकाटीचे असतात तेच नियमित लिहितात हेही खरे असू शकते, त्यामुळे सगळे श्रेय वहीला देता येणार नाही. पण नियमितपणा आणि परिणाम यांचा संबंध इतक्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे, की मी तो गंभीरपणे घेतो.

इथे मला काळजीने एक गोष्ट विचारायची आहे. ताळतंत्र सुटलेल्या दिवसानंतर ‘नव्याने सुरुवात’ म्हणजे तुम्ही नेमके काय करता? दुसऱ्या दिवशी नेहमीचे १५०० घेत असाल तर उत्तम. पण भरपाई म्हणून जेवण टाळत असाल, उलटी काढत असाल, शिक्षेसारखा व्यायाम करत असाल, दुसऱ्याच्या हातचे जेवताना मोजता येत नाही म्हणून धास्ती वाटत असेल, किंवा दिवसभर मनात आकडेच फिरत असतील, तर कॅलरी मोजणे थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा आहारविकारांवर काम करणाऱ्या व्यक्तीला भेटा. पूर्वी कधी आहारविकार झालेल्यांना, वाढत्या वयातील मुलामुलींना आणि गरोदर स्त्रियांना मी कॅलरींची नोंद ठेवायला सांगतच नाही. अशांसाठी वेगळे मार्ग आहेत: केवळ ताटाची छायाचित्रे, किंवा दिवसात भाजी, फळ आणि प्रथिनांचा पदार्थ किती वेळा घेतला एवढ्याच खुणा. आकड्यांचा ताण न सोसणाऱ्या इतरांनाही हे मार्ग पुष्कळदा चांगले लागू पडतात.

जन्मभर लिहावे लागेल का, याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘नाही’ असे आहे. सुरुवातीचे काही आठवडे सविस्तर नोंद, नंतर वजन अपेक्षेप्रमाणे उतरत असेपर्यंत सुटसुटीत नोंद, आणि ठरवलेले वजन गाठल्यावर केवळ आठवड्याचे सरासरी वजन, असा क्रम मी सुचवतो. पुढे सरासरी दोन किलोने वर सरकली, तर एक-दोन आठवडे पुन्हा पूर्ण नोंद सुरू करायची. काहींना मात्र कायम लिहिल्यानेच स्थिर वाटते आणि त्याचा त्यांना जाच होत नाही. त्यांनी ते सोडावे असे मला वाटत नाही.

तुमच्यासाठी पुढच्या चार आठवड्यांचे काम असे. १५०० हे लक्ष्य सध्या तसेच राहू द्या, आणखी खाली आणू नका. दिवसाला ८०० कॅलरींहून कमी असलेले आहार तर केवळ वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायचे असतात. तेल आणि सुके पदार्थ मोजा, कच्चे आणि शिजलेले यांची नावे तपासा, दुपारच्या खाण्याची सोय करा आणि एकही दिवस कोरा सोडू नका. चार आठवड्यांनी नोंदलेली सरासरी आणि वजनाची सरासरी शेजारी शेजारी मांडा. बेहिशेबी दिवसांसकट सरासरी १८०० च्या आसपास निघाली, तर पाच दिवसांचे जेवण आणखी कमी करण्यापेक्षा त्या दोन दिवसांपैकी एकाचे नियोजन करा. पाच दिवस १६०० आणि दोन दिवस १९०० अशी मांडणी केली तरी सरासरी १७०० च्या आत राहते, आणि माझ्या अनुभवात ती १५०० आणि २६०० च्या हेलकाव्यांपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते. एकही दिवस न गाळता लिहिलेली सरासरी खरोखर १५०० च्या जवळ असेल आणि तरीही वजन व कमरेचा घेर दोन्ही जागचे हलले नसतील, तर ती नोंदवही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि थायरॉइडची तपासणी व चालू औषधांचा आढावा घेण्यास सांगा. चार आठवड्यांची सलग पाने समोर असली, की त्यांनाही ‘कमी खा’ एवढ्यावर तुमची बोळवण करता येत नाही.